शहामृगाच्या अंड्यांची कृत्रिम उबवणूक

शहामृगाचे फलित अंडे यंत्रात सुमारे ४२ दिवस उबवून पिल्लू मिळविण्याची पद्धत. अंडे बहुधा १.२ ते १.८ किग्रॅ. भरते व कवच सुमारे २ मिमी. जाड असते. कोंबडीच्या अंड्यांच्या घरगुती पेटीत ते सहसा मावत नाही. मावले तरी तिथली ३७.५° से. उष्णता त्याला जास्त होते.

पद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. काही जण अल्जीअर्स येथे १८५७ च्या सुमारास बंदिवासात निघालेल्या पिल्लांपासून आरंभ धरतात, तर काही दक्षिण आफ्रिकेतल्या केप वसाहतीतील १८६० नंतरच्या पशुपालकांना मान देतात. परंतु हा वाद मुख्यतः शहामृगपालनाचा आहे. यंत्रापुरते पाहिल्यास त्याच वसाहतीतील ग्रॅहम्सटाउनजवळचे शहामृगपालक आर्थर डग्लस यांचा दावा अधिक सबळ वाटतो. त्यांचे यंत्र १८६९ च्या सुमाराचे मानतात. तेव्हा पिसांना मोठा भाव होता, आणि अंडी उचलली की मादी आणखी घालते; म्हणून ती यंत्रात उबवणे फायद्याचे होते.

उबवण्यापूर्वी अंडी १५ ते १८° से. तापमानात, शक्यतो आठवड्याहून कमी काळ ठेवतात. यंत्रात ती हवेची पोकळी (कवचाच्या आत एका टोकाला असलेली हवेची जागा) वर करून उभी मांडतात व दर दोन तासांनी ४५° आलटूनपालटून कलवतात. तापमान ३६ ते ३६.५° से. व सापेक्ष आर्द्रता २० ते ३० टक्के हवी.

खरी अडचण आर्द्रतेची. उबवणीत अंड्याचे वजन १२ ते १५ टक्के घटावे लागते, १,४०० ग्रॅ. अंड्यात ही घट आठवड्याला साधारण ३० ग्रॅ. येते. ती २० ग्रॅमवर अडकली, तर पाणी आतच साचून पिल्लू सुजते व फिरायला जागा न उरल्याने कवचातच गुदमरते. कोकणातल्या पावसाळ्यात खोलीची हवा २५° से. व ८५ टक्के आर्द्रतेची असेल, तर पाण्याची थाळी कोरडी ठेवूनही यंत्रात सुमारे ४५ टक्के भरतात. कोंबडीची अंडी उबवण्याच्या सवयीने थाळीत पाणी ओतणे इथे घातक ठरते. ओल खोलीतूनच काढावी लागते: २५° से.ला ती ५० टक्क्यांच्या खाली यावी. हवेची छिद्रे बुजवणे हा उपाय नव्हे. अखेरच्या दिवसांत गर्भ स्वतःच उष्णता सोडतो आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो.

३९व्या दिवसाच्या सुमारास कलवणे थांबवतात. पिल्लाला अंडदात (कवच फोडण्यासाठी चोचीवर असणारा टोकदार उंचवटा) नसतो. ते पाय व मानेच्या जोरावर कवच फोडते. चोच पोकळीत शिरूनही दिवसभरात कवच न फुटल्यास पोकळीवर लहान भोक पाडतात. सगळे कवच घाईने सोलू नये: आवरणातील रक्तवाहिन्या वाहत असतात, बलकाची पिशवी पोटात गेलेली नसते. बेंबीला आयोडीन लावतात.

शहामृगासारख्याच न उडणाऱ्या एमू या मोठ्या पक्ष्याचे अंडे मात्र गडद हिरवे असल्याने उजेडाला धरून आतले दिसत नाही. तिथे वजनावरच भिस्त. उबवणीच्या शेवटी सपाट पाटावर ठेवून टिचकी मारली की जिवंत अंडे डुलते.