जुन्या विमानांचा जीर्णोद्धार व चाचणी उड्डाण

वापरातून गेलेले विमान पूर्ण उकलून, त्याचा प्रत्येक भाग तपासून, गरज पडेल तेथे नवा घडवून ते पुन्हा उडवण्याजोगे करणे आणि ते तसे झाल्याची हवेत खात्री करून घेणे, या कामाला विमानाचा जीर्णोद्धार म्हणतात. संग्रहालयात मांडण्यासाठी केलेली रंगरंगोटी यात मोडत नाही.

मुंबईत हा विषय निघाला की जुहूचा विमानतळ आठवतो. १९२८ साली सुरू झालेल्या या विमानतळावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन डी हॅविलंड या ब्रिटिश कारखान्याच्या पस मॉथ विमानाने उतरले. १९८२ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी कराची ते मुंबई हे उड्डाण पुन्हा केले, ते त्याच कारखान्याच्या लेपर्ड मॉथने. पस मॉथच्या धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, तर लेपर्ड मॉथचे धड प्लायवुडचे; त्यामुळे भावंडे शोभणाऱ्या या दोन विमानांची दुखणी मात्र निराळी.

समुद्रकाठची खारी, दमट हवा दोन्ही प्रकारांना मानवत नाही. पोलादी नळी आतून गंजते आणि बाहेरचा रंग शाबूत राहतो. लाकडी पंखांत दुधातील केसीनपासून केलेला जुना गोंद ओलाव्याने बुरसून पकड सोडतो. अनुभवी कारागीर पंखाच्या तुळईवर बोटाच्या पेराने टकटक करत जातो: निरोगी लाकूड खणखणीत वाजते, कुजलेल्या जागी बद्द आवाज येतो. पंखावर चढवलेले कापड मेणवलेल्या दोऱ्याने फासळ्यांना शिवून त्यावर डोप नावाच्या लुकणाचे हात देतात. ते वाळताना कापड मृदंगाच्या पुडीसारखे ताणले जाते. पण पावसाळ्यात द्रावक उडून गार झालेल्या पृष्ठभागावर हवेतील बाष्प साचते आणि डोप पांढरा पडून दुबळा होतो. म्हणून मुंबईत हे काम कोरड्या महिन्यांत किंवा बाष्प काढलेल्या बंद खोलीतच करणे योग्य.

चाचणीची सुरुवात जमिनीवर होते. टायगर मॉथसारख्या विमानाला स्टार्टर नसतो. चाकांना अडसर लावून एक जण प्रोपेलर हाताने फिरवतो. इंजिन तापल्यावर दोन्ही मॅग्नेटो, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारी यंत्रे, आळीपाळीने बंद करून इंजिनाचे फेरे किती उतरतात ते पाहतात. पहिल्या उड्डाणात वैमानिक एकटाच असतो आणि इंजिन बंद पडले तरी तरंगत परतता येईल इतक्या अंतरातच राहतो. जुहूला मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळ अगदी लागून असल्याने अशा घिरट्यांना आकाश फार तोकडे आहे.

पुरेशी उंची गाठल्यावर वेग हळूहळू कमी करत विमान कोणत्या वेगाला स्टॉल होते, म्हणजे पंखांचा उचल देण्याचा गुण कुठे सुटतो, हे वैमानिक नोंदवतो. दर वेळी एकच पंख आधी खाली गेला, तर बहुधा पंखांना ताणून धरणाऱ्या तारांची जुळणी चुकलेली असते. उतरल्यावर इंजिनाची झाकणे काढून तेलाचे ओघळ शोधतात, तारा थोड्या कसतात किंवा ढिल्या करतात आणि विमान वळवण्याचा दांडा सोडला तरी ते सरळ जाईपर्यंत पुन्हा उड्डाण घेतात.