ब्लॅक डेथ आणि इंग्लंडमधील भूदास

यर्सिनिया पेस्टिस या जीवाणूमुळे होणाऱ्या प्लेगची जी साथ १३४७ ते १३५१ या काळात युरोपभर पसरली, ती ‘ब्लॅक डेथ’ या नावाने ओळखली जाते. १३४८ च्या उन्हाळ्यात ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोहोचली आणि पुढील वर्ष-दीड वर्षात तिने देशातील एकतृतीयांश ते निम्म्या लोकांचा बळी घेतला. मरणाऱ्यांजवळ जाणारे धर्मगुरूच इतक्या संख्येने दगावले, की जानेवारी १३४९ मध्ये बाथ आणि वेल्स या इंग्लंडमधील धर्मप्रांताच्या बिशपने, धर्मगुरू न मिळाल्यास सामान्य माणसापुढे, अगदी स्त्रीपुढेही, पापांची कबुली देण्याची मुभा दिली. तत्कालीन चर्चची अगतिकता याहून स्पष्ट दिसणे कठीण.

साथीचा खोल आणि टिकाऊ परिणाम झाला तो शेतीवर. भूदास म्हणजे जमिनीशी बांधलेला आणि जमीनदाराची वेठ करणारा शेतकरी. असे भूदास कूळ मरण पावले, की त्याच्या गोठ्यातले सर्वांत चांगले जनावर जमीनदाराकडे जमा होई. साथीत अशी जनावरे येत राहिली, पण जमीन कसायला माणसे पुरेनात. वाचलेल्या मजुरांनी साहजिकच मजुरी वाढवून मागितली. त्यावर राजा तिसऱ्या एडवर्डने जून १३४९ मध्ये हुकूम काढून, उपजीविकेचे स्वतंत्र साधन नसलेल्या साठ वर्षांखालील प्रत्येक धडधाकट स्त्री-पुरुषावर साथीपूर्वीच्या दराने काम करण्याची सक्ती केली. १३५१ च्या कायद्याने तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कापणीची रोजची मजुरी दोन पेन्स आणि दुसऱ्या आठवड्यात तीन पेन्स अशी बांधूनच दिली. घरची माणसे नुकतीच पुरलेल्या लोकांच्या श्रमाचा भाव गोठवणारा हा कायदा उघड अन्यायाचा होता. शिक्षा पुष्कळांना झाल्या, तरी मजुरी चढतच राहिली. खुद्द जमीनदारही गरजेपोटी जादा पैसे देत आणि भूदास गाव सोडून दुसरीकडे काम धरत.

१३६१ मध्ये साथ परतली. पुढे फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या खर्चासाठी माणशी १२ पेन्सची डोईपट्टी बसताच १३८१ मध्ये एसेक्स व केंटमधील शेतकरी उठले. वेठीचे हक्क ज्यांत नोंदले होते ती जमीनदारांची दप्तरे त्यांनी ठिकठिकाणी जाळली आणि लंडनमध्ये राजा दुसरा रिचर्ड याच्याकडून भूदासत्व रद्द करण्याचे वचन मिळवले. नेता वॉट टायलर मारला गेल्यावर राजाने ते वचन फिरवले. मात्र वेठीऐवजी रोख खंड घेण्याची पद्धत वाढत गेली आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस भूदासत्व इंग्लंडमध्ये क्वचितच उरले. माणसांची टंचाई झाली म्हणून कष्टकऱ्यांची सुटका सर्वत्र झाली नाही. मध्य युरोपातील एल्ब नदीच्या पूर्वेकडील प्रदेशांत पुढील दोन शतकांत सरदारांनी शेतकऱ्यांवरची वेठ उलट वाढवत नेली.