टँकरवरचा फोटो, टँकरातले पाणी

एप्रिल उलटला की खानदेशात पारा पंचेचाळीसकडे सरकतो. जळगाव, भुसावळच्या चौकांत पाणपोया सुरू होतात, पारोळा-अमळनेरकडच्या कोरड्या गावांत टँकर फिरू लागतात. पाणपोईवर दात्याचे नाव मोठ्या अक्षरांत असते, टँकरवर पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो असतो. हंडा भरता भरता कोणीतरी म्हणतेच, "निवडणूक जवळ आली वाटतं." सगळे मान डोलावतात. पाणी घरी जाते, पण देणाऱ्याबद्दल मनात कडवटपणा उरतो.

हा कडवटपणा जगभर सारखाच आढळतो आणि गेल्या काही दशकांत मानसशास्त्रज्ञांनी व अर्थशास्त्रज्ञांनी तो चक्क मोजला आहे. मोठ्या माणसाच्या चांगल्या कामामागे स्वार्थ असेल तर ते काम नासते का, हा प्रश्न पूर्वी तत्त्वज्ञांचा होता. अमळनेरला प्रताप शेठांनी गिरणीच्या नफ्यातून तत्त्वज्ञान मंदिर उभे केले, तिथेही अशा प्रश्नांचा खल होत आला आहे. आता त्यात प्रयोगांची भर पडली आहे. दुष्काळ ज्यांच्या पाचवीला पुजलेला आहे अशा मुलखातल्या माणसांनी तरी हे प्रयोग समजून घ्यावेत असे मला मनापासून वाटते, कारण इथे चुकीच्या प्रश्नात अडकण्याची किंमत पाण्यात मोजावी लागते.

येल विद्यापीठातल्या जॉर्ज न्यूमन आणि डेलियन केन यांनी २०१४ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातल्या एकात लोकांना एका माणसाची गोष्ट सांगितली. त्याला एक बाई आवडते आणि तिचे मन जिंकावे म्हणून ती जिथे काम करते तिथेच तो कामाला जाऊ लागतो. काही वाचकांना सांगितले की ती बेघरांच्या निवाऱ्यात काम करते. इतरांना सांगितले की ती कॉफीच्या दुकानात असते. हेतू दोन्हीकडे एकच. फरक इतकाच की पहिल्या गोष्टीत बेघरांचे थोडे भले होते आणि दुसऱ्या गोष्टीत कोणाचेच होत नाही. तरीही लोकांनी निवाऱ्यात राबणाऱ्याला नैतिकदृष्ट्या हलका ठरवले. थोडे भले करणारा हा काहीच भले न करणाऱ्यापेक्षा वाईट ठरला!

असे का व्हावे? संशोधकांनी हेही तपासले. माणूस सत्कार्यात स्वतःचे साधून घेताना दिसला की आपण लगेच त्याची तुलना निःस्वार्थ सेवकाशी करतो. स्वार्थ नसता तर याने किती जास्त केले असते, असा हिशेब मनात सुरू होतो. जो उघडपणे फक्त आपल्यापुरते पाहतो, त्याच्याबाबत असा हिशेब आपल्याला सुचतच नाही. म्हणजे पैसा घरात ठेवणारा धनिक आपल्या परीक्षेला बसतच नाही. पाणपोई घालणारा बसतो आणि नापास होतो.

सत्ताधाऱ्यांबाबत ही परीक्षा आणखी कडक असते. जोशुआ नोब या तत्त्वज्ञाने २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बागेत बसलेल्या लोकांना एका कंपनीच्या अध्यक्षाची गोष्ट सांगितली. नव्या योजनेने नफा वाढेल आणि पर्यावरणाचे नुकसान होईल, असे त्याला कळते. तो म्हणतो, मला पर्यावरणाशी देणेघेणे नाही, मला नफा हवा. योजना होते, नुकसान होते. त्याने ते मुद्दाम केले का? ८२ टक्के लोक हो म्हणाले. दुसऱ्या गटाला सांगितलेल्या गोष्टीत बाकी सारे तसेच होते, फक्त योजनेने पर्यावरणाचा फायदा होणार होता. तेव्हा त्याने मुद्दाम फायदा केला असे म्हणणारे निघाले अवघे २३ टक्के. बेफिकिरी तीच आणि नफ्याची ओढही तीच. पण नुकसानीचे खापर त्याच्या माथी फुटते आणि फायद्याचे श्रेय मात्र त्याला मिळत नाही. मला स्वतःला यात फारसे गैर दिसत नाही. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्या निष्काळजीपणाचा दोष त्याला लागायलाच हवा.

आपण इतरांच्या हेतूंबाबत एवढे चोखंदळ का आहोत, याचे मला सर्वांत पटलेले उत्तर मोशे हॉफमन, एरेझ योएली आणि मार्टिन नोवाक यांनी २०१५ मध्ये मांडलेल्या एका गणिती खेळात आहे. दोन खेळाडू आहेत. पहिल्यापुढे बंद पाकीट असते. या खेपेला मदत करणे स्वस्तात पडेल की महागात, हे त्यात लिहिलेले असते. तो पाकीट उघडून मग ठरवू शकतो किंवा न उघडताच मदत करू शकतो. दुसरा खेळाडू हे पाहत असतो आणि याच्याशी संबंध ठेवायचा की तोडायचा हे ठरवतो. गणित असे सांगते की महागाच्या वेळी दगा फार नडणारा असेल, तर दुसऱ्याने पाकीट न उघडणाऱ्यावरच भरवसा ठेवणे शहाणपणाचे ठरते. जो आज बघून मदत करतो, तो उद्या बघूनच पाठ फिरवेल. नंतरच्या प्रयोगांत खऱ्या माणसांनीही हेच केले. किंमत न विचारता मदतीला धावणाऱ्यावर त्यांनी जास्त विश्वास टाकला, आणि आपल्याकडे कोणी पाहते आहे हे कळल्यावर किंमत न विचारण्याकडे मदत करणाऱ्यांचाही कल वाढला.

म्हणजे हेतू शोधणे हा एक अंदाज आहे. उद्या हा कसा वागेल, याचा. सोयरीक जुळवताना, सालदार ठेवताना, शेत बटाईने देताना आपण हाच अंदाज घेतो आणि घ्यायलाच हवा. पण ही सवय लहान टोळीत, समोरासमोरच्या व्यवहारात घडली. राज्यकर्ते, कारखानदार आणि धरणे-रेल्वे बांधणारी सरकारे यांच्याशी आपली सोयरीक नसते. तिथे मनाची शुद्धता तपासत बसले तर हाती काही लागत नाही.

खानदेशची रेल्वे पाहा. १८५३ मध्ये लॉर्ड डलहौसीने रेल्वेचा आराखडा मांडला तेव्हा त्याच्यापुढे फौजांची हालचाल होती आणि इंग्लंडच्या गिरण्यांना हवा असलेला कापूस होता. रेल्वे कंपन्यांच्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी दिली होती आणि तिचा भार हिंदुस्थानच्या तिजोरीवर होता. १८६० च्या दशकात, अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले त्या काळात, लोहमार्ग कसारा घाट चढून चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा पुढे गेला. खानदेशी शेतकऱ्याचे भले हा त्यामागचा हेतू नव्हता. पण डेव्ह डोनाल्डसन या अर्थशास्त्रज्ञाने वसाहतकाळातल्या जिल्ह्याजिल्ह्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की रेल्वे पोहोचल्यावर जिल्ह्याचे शेतीतले खरे उत्पन्न सुमारे १६ टक्क्यांनी वाढले. रॉबिन बर्गेस यांच्यासोबत केलेल्या अभ्यासात आणखी मोलाची गोष्ट पुढे आली. रेल्वे पोहोचल्यानंतर पाऊस हुकला की मृत्यू वाढण्याचे प्रमाण कमी झाले, कारण धान्य आता एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जाऊ शकत होते.

यावरून इंग्रजांना माफी देऊ नये. त्यांचा हेतू रुळांच्या नकाशावर स्पष्ट दिसतो. रूळ कापसाच्या पेठांकडे गेले. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या भिल्ल-पावरा वस्त्यांकडे ते वळले नाहीत, कारण तिथून नेण्यासारखे त्यांना काही दिसले नाही. रेल्वे असूनही १८९९-१९०० च्या दुष्काळात खानदेशासह मुंबई इलाख्यात माणसे मेली. धान्य गाडीने येत होते, पण ते विकत घ्यायला रोजगार नव्हता आणि तो देण्यात कंपनीचा वा सरकारचा फायदा नव्हता.

माझा मुद्दा इथेच आहे. स्वार्थामुळे चांगले काम नासत नाही. पण ते कुठपर्यंत जाईल आणि कुठे थांबेल, हे स्वार्थच ठरवतो. म्हणून पुढाऱ्याचा स्वार्थ कशाशी बांधलेला आहे, हे पाहावे.

अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे की निवडणुका होत असलेल्या आणि वृत्तपत्रे मोकळी असलेल्या देशात मोठा भूकबळींचा दुष्काळ पडलेला नाही. तिथले राज्यकर्ते संत असतात म्हणून हे घडत नाही. लोक उपाशी मेले तर खुर्ची जाते, ही भीती त्यांना असते. टिमथी बेस्ली आणि रॉबिन बर्गेस यांनी भारतातल्या १६ राज्यांची १९५८ ते १९९२ ची आकडेवारी तपासली. पीक बुडाले किंवा पूर आला की जिथे वृत्तपत्रांचा खप जास्त, तिथले सरकार धान्यवाटप आणि मदत जास्त वाढवते, असे त्यांना आढळले. हा परिणाम मुख्यतः प्रादेशिक भाषांतल्या वृत्तपत्रांचा होता. तालुक्याच्या बातमीदाराने छापलेली कोरड्या विहिरीची बातमी टँकर आणते, आणि टँकर पाठवणाऱ्याच्या मनात तेव्हा फक्त मते असली तरी आणते. अशा बातमीदाराचे मोल आपण फार कमी करतो.

पण याच यंत्राचा दोषही मोठा आहे. अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा यांनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या निवडणुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपत्तीनंतर मदत वाटणाऱ्या पक्षाला मतदार मते देतात, पण आपत्ती येण्याआधी तिची तयारी करणाऱ्याला देत नाहीत. तयारीवर खर्चलेला एक डॉलर पुढचे सुमारे पंधरा डॉलरचे नुकसान वाचवतो, असा त्यांचा हिशेब आहे. तरीही सरकारे मदतीवर खर्च करतात, कारण फळ तिथे मिळते.

हे वाचताना मला यावल-रावेरचा पट्टा दिसतो. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जो झिरपणारा थर आहे, त्याला भूशास्त्रात बझाडा म्हणतात. डोंगरावरून आलेले पाणी तिथे मुरते आणि खालच्या केळीच्या मळ्यांतल्या विहिरींना मिळते. उपसा वाढल्याने या भागातली भूजल पातळी खोल गेली आहे. पावसाळ्यात नाले अडवून या थरात पाणी मुरवणे हे टँकरपेक्षा कितीतरी मोठे काम आहे. पण मुरलेल्या पाण्याचा फोटो निघत नाही आणि नारळ फोडायला जागाही मिळत नाही. ते पाणी वर्षादोन वर्षांनी कोणाच्या तरी विहिरीत दिसते, तेव्हा त्याचे श्रेय पावसाला जाते. टँकरवर फोटो असतो याचा मला राग येत नाही. मुरणाऱ्या पाण्यावर कोणाचाच फोटो लागू शकत नाही, ही मला खरी अडचण वाटते.

फोटोची एक बाब मात्र मला सहन होत नाही. वह्या वाटताना, धान्याचे किट देताना घेणाऱ्याला हातभर अंतरावर थांबवून कॅमेऱ्याकडे बघायला लावतात. देणाऱ्याच्या प्रसिद्धीची किंमत तिथे घेणाऱ्याच्या इभ्रतीतून वसूल होते. नाव भिंतीवर लिहावे, हवे तेवढे मोठे लिहावे, पण लेकरांना रांगेत उभे करू नये.

स्वार्थ योग्य ठिकाणी बांधता येतो, याचा महाराष्ट्राकडे मोठा दाखला आहे. १९७०-७३ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामावर गेली. त्या अनुभवातून आणि वि. स. पागे यांच्या पाठपुराव्यातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला व १९७९ पासून अमलात आला. शहरातल्या पगारदारांनी व्यवसाय कराच्या रूपाने त्याचा भार उचलला. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स यांनी १९८३ मध्ये या योजनेमागच्या हितसंबंधांचा अभ्यास मांडला. मजुरांच्या हातून बांधलेले रस्ते आणि तलाव बागायतदारांच्या कामाचे होते, म्हणून गावातल्या बड्यांचा योजनेला विरोध झाला नाही, हे त्यातून दिसते. मजुराला मजुरी मिळाली आणि विहिरीचे पाणी वाढले ते जमीनवाल्याचे. अन्याय होताच. पण त्या बड्यांच्या स्वार्थामुळेच योजना टिकली, आणि कायद्याने काम हा हक्क ठरवल्यामुळे तहसीलदाराच्या चांगुलपणावर विसंबावे लागले नाही. २००५ चा राष्ट्रीय कायदा याच अनुभवावर उभा राहिला.

कायद्याने सक्ती केली की सगळे जुळते, असेही नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितले. धम्मिका धर्मपाल आणि विक्रमादित्य खन्ना यांना आढळले की कमी खर्च करणाऱ्या कंपन्यांनी खर्च वाढवला, पण दोन टक्क्यांहून जास्त देणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला.

याहून जुनी आणि मला अधिक शहाणी वाटणारी रचना धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीवर आहे. तिथली फड पद्धत काही शतके चालत आली आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड, म्हणजे मोठे भाग, पाडायचे आणि एका फडात एका हंगामाला एकच पीक घ्यायचे. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे, त्यामुळे एखाद्या फडाला पाणी कमी पडले तर झळ सगळ्यांनाच लागे. कितीही मोठा खातेदार असला तरी स्वतःच्या हाताने बारे फोडून पाणी घ्यायची त्याला मुभा नसे. पाणी द्यायला सगळ्यांनी मिळून नेमलेले पाटकरी आणि जगल्या असत आणि त्यांचा मोबदलाही सगळे मिळून देत. पाटाची साफसफाई आणि बंधाऱ्याची डागडुजीही सगळ्यांवरच असे, आणि ती टाळणाऱ्याचे पाणी फडाच्या पंचांना अडवता येई.