माळवदाचे घर : उष्मा आणि गारवा

माळवद म्हणजे मातीचे सपाट छप्पर. मराठवाडा आणि सोलापूरकडे हा शब्द चालतो. खानदेशात व विदर्भात त्यालाच धाबे म्हणतात. कमी पावसाच्या आणि कडक उन्हाच्या मुलखात हे छप्पर टिकले. कोकणात ते पहिल्या पावसाळ्यातच वाहून गेले असते. आज अशा घरात राहणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात : रात्री एवढे का उकडते, कूलर घ्यावा की एसी, आणि माती उतरवून सरळ पत्रे टाकावेत का.

खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काड्यांचा दाट थर, त्यावर कडुनिंबाचा नाहीतर तरवडाचा पाला आणि मग माती, अशी रचना असते. माती कुठलीही चालत नाही. शेतातली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. म्हणून जुन्या गावठाणाची, गढीची पांढरी माती आणतात. गावाची ‘काळी’ आणि ‘पांढरी’ यांतला फरक छपरावरही पाळला जातो. सर्वांत वर चोपण. या क्षारयुक्त मातीचे कण पाण्याने सुटे होऊन छिद्रे बुजवतात आणि पाणी खाली उतरत नाही. ज्या चोपणाला शेतकरी शेतात शिव्या देतो, तेच घरावर मात्र राखण करते. पावसाआधी नवी माती टाकून उतार नीट करायचा आणि पन्हळी मोकळ्या करायच्या, हे दरवर्षीचे काम.

मातीतून उष्णता फार सावकाश उतरते. तापलेला पत्रा काही मिनिटांत खोली तापवतो, चार-पाच इंची स्लॅबची धग संध्याकाळपर्यंत खाली येते. दीड-दोन फूट मातीला त्यासाठी अर्धा दिवस आणि बरेचदा त्याहून अधिक वेळ लागतो. तोवर बाहेर रात्र झालेली असते. त्यामुळे माळवदाचे घर खऱ्या अर्थाने थंड नसते, ते दिवस-रात्रीची सरासरी काढते. मे महिन्यात बाहेर दुपारी ४२ अंश आणि पहाटे २६ अंश असेल, तर बंद घर साधारण ३४ अंशांच्या आसपास राहणार. दुपारी रस्त्यावरून आत येणाऱ्याला हा स्वर्ग वाटतो. रात्री अकरा वाजता त्याच ३४ अंशांत घामाघूम व्हायला होते.

रात्रीच्या उकाड्याचे कारण हेच, आणि जुन्या लोकांना ते ठाऊक होते. ऊन उतरले की माळवदावर पाणी शिंपडायचे आणि अंथरुणे वर न्यायची. घर दुपारसाठी, माळवद रात्रीसाठी. छपराला ठेवलेले गोल भोक, म्हणजे सवणे, रात्री उघडे राही. खालच्या दारातून गार हवा आत येई आणि तापलेली हवा सवण्यातून वर निघून जाई. आता सवण्यावर काच बसते, चोरांच्या भीतीने दारे बंद होतात, माणसे खाली झोपतात आणि दोष मातीला मिळतो. दिवसा सगळे बंद आणि रात्री सगळे उघडे, एवढे पाळले तरी चार दिवसांत फरक जाणवतो. शहरातून सुटीला आलेली मंडळी नेमके उलटे करतात : दुपारी ‘हवा येऊ दे’ म्हणून खिडक्या सताड उघडतात.

कूलरचा भर हवेच्या कोरडेपणावर असतो. ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना चांगला कूलर २७-२८ अंशांची हवा फेकतो. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की पाच-सहा अंशांपलीकडे त्याची मजल जात नाही. तो खिडकीबाहेर लावावा आणि समोरचे दार किंवा सवणे उघडे ठेवावे. खोली बंद करून कूलर लावला की भिंतींना ओल येते, आणि ओल्या कड्यांना उधई (वाळवी) लागायला वेळ लागत नाही.

एसी लावायचा तर आधी जुनी वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्यावे, त्यासाठी स्वतंत्र लाइन ओढावी. जाड भिंती थंड व्हायला बराच वेळ घेतात, म्हणून सुरुवातीला ‘गार होतच नाही’ अशी तक्रार येते. सवणे आणि दारांच्या फटी मात्र बुजवाव्या लागतात. वरून माती गळते म्हणून खाली पीओपी करणे सोयीचे वाटते. पण त्याने गळती आणि उधई दोन्ही नजरेआड होतात. तुळई वाकते आहे हे तेव्हा कळते, जेव्हा उशीर झालेला असतो.

माती काढावी का, या प्रश्नाचे उत्तर गारव्यावर ठरवू नये. एक फूट मातीचे वजन दर चौरस मीटरला जवळपास अर्धा टन भरते. दहा बाय बाराच्या खोलीवर पाच टनांहून जास्त, आणि पावसात भिजल्यावर आणखी. दरवर्षी नवी माती टाकताना जुनी खरवडली नाही की थर वाढतच जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या दगडी भिंती फुटल्या आणि हे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. लातूर व धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे गेली. म्हणून जादा माती उतरवून थर हलका करणे, भिंतींत आरपार जोडदगड घालणे आणि तुळया-खांबांचे सांधे पक्के करणे, ही कामे आधी, पंखे-कूलर नंतर. हलक्या केलेल्या मातीवर हवा खेळेल एवढे अंतर सोडून पत्र्याची सावली केली, तर गळतीही थांबते आणि दुपारचा गारवाही राहतो. माती पूर्ण काढून नुसते पत्रे टाकणारे पुढच्या एप्रिलमध्ये दुपारी पारावर बसलेले दिसतात.

हिवाळ्याची तक्रार क्वचितच येते, कारण पहाटे बाहेर १०-१२ अंश असतानाही आत वीसच्या आसपास राहते. त्यातून कुणी खोलीत कोळशाची शेगडी ठेवलीच, तर सवणे झाकू नये. अशा बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो आणि त्याला वास नसतो.