यात्रेतली बंदूक आणि पंपाचं पिस्तूल: हवा आहे कुठे?

सारंगखेड्याच्या यात्रेत फुगे फोडलेल्या माणसाला स्प्रिंगची बंदूक शिकवावी लागत नाही. नळी बिजागरीवर मोडली, छर्रा बसवला, नळी सरळ केली, चाप ओढला. फुगा फुटला नाही तर माशी, म्हणजे नेम धरायची नळीवरची खूण, वाकडी होती म्हणायचं, आणि बहुतेक वेळा ती असतेच. घोळ पुढे होतो. हाच माणूस हौसेनं पंपाचं पिस्तूल घेतो आणि त्याला यात्रेतल्या बंदुकीचे सगळे नियम लावतो. वर चारचौघांना ऐकवतो, "शेवटी दोन्ही हवेवरच चालतात ना!"

चालतात. पण एकीत हवा साठवलेली नसते आणि दुसऱ्यात असते. बाकीचे फरक यातूनच निघतात.

स्प्रिंगच्या बंदुकीत नळी मोडताना तुमचं बळ स्प्रिंगमध्ये जातं. आतली हवा तोवर साधीच असते. चाप ओढला की दट्ट्या पुढे धावतो, समोरची हवा क्षणात दाबली जाते आणि छर्रा सुटतो. बार झाला की खेळ खलास.

पंपाच्या पिस्तुलात नळीखालचा दांडा उघडून मिटला की थोडी हवा एका बंद कप्प्यात कोंबली जाते. पुन्हा मारला की आणखी थोडी. झडप ती धरून ठेवते. कपाशीवर फवारताना पंपाचा हात थांबवला तरी नोझल थोडा वेळ चालूच राहतं, तसा हा दाब आत टिकतो. सील धड असेल तर रात्रभर, नंतरही.

म्हणून कोणी पिस्तूल पुढे करून "रिकामी शे भो" म्हटलं की माझं डोकं फिरतं. रिकामं कशानं? छर्ऱ्यानं, हवेनं, की घोडा, म्हणजे झडपेवर ठोका देणारा आतला हातोडा, ताणलेला नाही म्हणून? स्प्रिंगमध्ये ताण आणि जोर एकच असतात. पंपाच्या पिस्तुलात छर्रा, हवा आणि घोडा या तिन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. क्रॉसमन कंपनीचं 1377 हे पंपाचं पिस्तूल घ्या. बोल्ट मागे ओढला की घोडा ताणला जातो आणि छर्रा ठेवायची खाच उघडते. पंप मारणं हे वेगळंच काम. आत हवा आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही, मिटलेला दांडा मिटलेलाच दिसतो.

त्यात आणखी एक गंमत. या पिस्तुलाला 3 ते 10 पंप सांगितलेत. आमच्याकडचे पैलवान 15 मारतात, जोर वाढेल म्हणून. दाब इतका होतो की घोड्याच्या ठोक्याला झडप पुरती उघडत नाही. छर्रा उलट मंद जातो आणि बरीच हवा आतच राहते. म्हणजे बार होऊनही पिस्तूल भरलेलंच. दुसऱ्या टोकाला, 3 पेक्षा कमी पंपांवर छर्रा नळीतच अडकू शकतो, आणि "काहीच निघालं नाही" म्हणून माणूस त्यामागे दुसरा भरतो.

नेमाचा गोंधळही इथलाच. स्प्रिंगची बंदूक दर वेळी जवळपास तेवढ्याच जोरानं मारते. पंपात जोर तुम्ही ठरवता, म्हणून पंप मोजावे लागतात. समजा कमी पंपांवर छर्रा सेकंदाला 110 मीटर आणि पूर्ण पंपांवर 180 मीटर जातो. दहा मीटरवर पहिला साधारण 4 सेंटीमीटर खाली पडतो, दुसरा दीड. स्पर्धेच्या एअर पिस्तूल टार्गेटवर दहाचं वर्तुळ फक्त 11.5 मिलिमीटरचं असतं, त्यामुळे हा अडीच सेंटीमीटरचा फरक दहाला थेट सातावर आणतो. मग लोक माशीचे स्क्रू पिळत बसतात. आधी पंप मोजा! मी कागदावर पाचच मारतो, हातही दुखत नाही.

देखभालीचे नियम तर चक्क उलटे आहेत. स्प्रिंगची बंदूक छर्ऱ्याशिवाय चालवली तर दट्ट्याला हवेची गादी मिळत नाही, तो टोकावर आपटतो, सील आणि स्प्रिंग दोन्हींची वाट लागते. पंपाच्या पिस्तुलात छर्रा न घालता हवा सोडून देणं चालतं, अर्थात तोंड सुरक्षित दिशेला ठेवून. स्प्रिंग ताणून कपाटात ठेवायची नाही. पंपात मात्र झडप बसून राहावी म्हणून एखादा पंप हवा मुद्दाम ठेवतात. ठेवा, पण खाच उघडून छर्रा नाही हे डोळ्यांनी बघा आणि कुलूप लावा. पंपाच्या दट्ट्याला अधूनमधून तेलाचा थेंब हवा. तोच थेंब स्प्रिंगच्या सिलिंडरमध्ये गेला तर दाबाच्या उष्णतेनं पेटतो आणि मोठा आवाज होतो. काहींना तो आवाज आवडतो. त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

धरण्याचं थोडक्यात: स्प्रिंगचा धक्का छर्रा बाहेर पडण्याआधीच सुरू होतो, म्हणून ती सैल धरतात. पंपाचं पिस्तूल शांत असतं, नीट घट्ट धरा. आणि सायकलच्या बेअरिंगमधले गोळे कशातच घालू नका. नळीचे आटे, म्हणजे छर्ऱ्याला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा, जातात आणि पोलाद भिंतीवरून परत येतं.

गॅसच्या नळकांडीवरचं पिस्तूल हे तिसरंच प्रकरण. कार्बन डायऑक्साइडचा दाब तापमानाबरोबर चढतो आणि 31 अंशांच्या वर तो द्रव राहतच नाही. जळगावच्या मे महिन्यात ते मला नको.

परवान्याचंही दोन ओळींत. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार नळीचं भोक 0.177 इंच म्हणजे 4.5 मिलिमीटरपर्यंत आणि ऊर्जा 20 ज्यूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा 180 मीटरच्या वेगानं गेला तर 8 ज्यूल होतात, म्हणजे 1377 आरामात बसतं. त्याच घराण्यातलं 1322 मात्र 0.22 च्या नळीमुळे अडकतं, जोर कितीही कमी असो. पाखरांवर रोखलं तर दोन्हींना 1972 चा वन्यजीव कायदा सारखाच. आणि चोपड्याच्या सीमेकडून गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या नेहमीच्या असताना असलं पिस्तूल कमरेला खोचून फिरणाऱ्याला पोलिसांनी आधी पालथं पाडलं आणि नंतर ज्यूल विचारले, तर मी पोलिसांच्या बाजूनं आहे. पेटीत न्या, छर्ऱ्यांचा डबा वेगळा ठेवा, बिल सोबत असू द्या.