फांदी रोवलेली, पाणी आणलेलं

एप्रिल उजाडला की पैठण, परळी, लातूरकडून एकाच घडणीचे फोटो येऊ लागतात. एक वाकडी, साल निघालेली फांदी. तिच्यावर लालबुड्या बुलबुल, नाहीतर चष्मेवाला. खाली आरशासारखं पाणी, त्यात पक्ष्याचं उलटं रूप आणि मागे मऊ, धूसर हिरवळ. बघणाऱ्याला वाटतं, ओढ्याकाठी तासन्‌तास दबा धरून मिळालेला क्षण आहे. प्रत्यक्षात तो ओढा म्हणजे तीन बाय पाच फुटांचा उथळ खड्डा. त्यात शेततळ्याचा उरलेला काळा कागद अंथरलेला असतो. फांदी बांधावरच्या बोरीची, लोखंडी नळीत खोचलेली. आणि मागची हिरवळ म्हणजे वीस-पंचवीस फुटांवरचा घासाचा वाफा. ही फसवणूक की कला, यावर दर उन्हाळ्यात भांडण होतं. पण या भांडणाला जुना इतिहास आहे, आणि त्याचा निम्मा भाग कॅमेऱ्याचा नाही, पाण्याचा आहे.

मोटेच्या काळात पाखरांसाठी वेगळं पाणी ठेवायची वेळ येत नसे. मोट थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठच्या कुंडीत, रिकामी व्हायची, तिथून पाटाने पाणी वाफ्यात जायचं, बाजूला गुरांची दगडी डोणी असायची. थारोळ्याच्या कडेला कायम ओल, आणि त्या ओलीवर होले, चिमण्या, साळुंक्या. विजेचे पंप आले तशी मोट गेली, पण पाट राहिला. पुढे पाइपलाइन आणि ठिबक आलं, तेव्हा पाटही गेला. ठिबकने पाणी वाचवलं यात वाद नाही. मराठवाड्यात मोसंबीच्या बागा त्याच्यावरच तगल्या. पण शेतातलं उघडं पाणी त्याने जवळजवळ संपवलं. शेततळी झाली, २०१६च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर तर बरीच झाली. मात्र प्लास्टिकच्या निसरड्या उतारावर बुलबुलाला टेकायला काठच नाही. भिंगऱ्या उडता उडता पाणी उचलतात, त्यांचं भागतं. बाकीच्यांना पाणी नुसतं दिसतं.

त्यातही कोरडा दाणा खाणाऱ्यांची गरज मोठी. होला, चिमणी, मुनिया, सुगरण यांना उन्हाळ्यात रोज पाणी लागतंच. शिंप्यासारख्या किडे खाणाऱ्यांना भक्ष्यातूनच बरंच पाणी मिळतं. ते येतात ते जास्त करून आंघोळीला. होला चोच बुडवून एका दमात ओढून घेतो, बाकीचे घोट घेऊन मान वर करतात. फोटोत जी चोच वर, थेंब ओघळणारी मुद्रा दिसते, ती होल्याकडून कधीच मिळणार नाही.

आता कॅमेरा. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा १९३१-३२ मध्ये सालिम अलींनी त्या संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. तेव्हाच्या रीतीप्रमाणे कामाचं हत्यार बंदूकच होतं. पक्षी टिपायचा, कातडं सोलून भुसा भरायचा, त्याच्यावर चिठ्ठी बांधायची. 'टिपणे' हे क्रियापद आपण बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे जसंच्या तसं आणलं, हे मला नेहमी गमतीचं वाटतं.

इंग्लंडमध्ये त्याच्या चाळीस वर्षं आधी रिचर्ड आणि चेरी केअर्टन या भावांनी कॅमेरा हाती घेतला होता. १८९२ मध्ये त्यांनी अंडी असलेल्या घरट्याचा फोटो काढला. पुढे त्यांनी बैलाच्या कातड्याचा एक पोकळ बैल करवून घेतला आणि त्याच्या पोटात माणूस नि कॅमेरा बसवून पक्ष्यांजवळ जाऊ लागले. पोळ्याच्या दिवशी ही गोष्ट आमच्या गावात सांगितली तर लोक खो खो हसतील. पण अडचण खरी होती. काचेच्या प्लेटा मंद, भिंगं आखूड, कॅमेरा अवजड. पक्षी ठरलेल्या जागी परत येणार याची खात्री हवी, आणि ती खात्री घरट्याशिवाय कुठे मिळणार? म्हणून पुढची साठ-सत्तर वर्षं पक्ष्यांचा फोटो म्हणजे बहुधा घरट्याचाच फोटो. त्याची किंमत कधी छायाचित्रकाराने मोजली: १९३७ मध्ये वेल्समध्ये एका घुबडाने एरिक हॉस्किंग यांचा डोळा घायाळ केला आणि तो कायमचा गेला. पण बहुतेकदा ती पिल्लांनी मोजली. फोटो स्वच्छ यावा म्हणून घरट्यासमोरच्या डहाळ्या बाजूला केल्या की ऊन आणि कावळे दोन्ही आत येतात. आपल्या १९७२च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं हे शिकारीच्याच व्याख्येत येतं. आता अनेक स्पर्धा घरट्यांचे फोटो घेतच नाहीत.

घरटं सोडलं, तर पक्षी हमखास येईल अशी दुसरी जागा उरते पाण्याची. माझ्या मते या सगळ्या प्रकाराचं मूळ एवढंच आहे.

हे तंत्र १९९०च्या दशकात नीट बसवलं ते दक्षिण टेक्सासमध्ये. तो मुलूख ऐकून माणूस ओळखीचं हसेल: गुरांची कुरणं, अपुरा पाऊस, काटेरी झुडपं. तिथलं मेस्कीट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचं सख्खं भावंड. कुरणवाल्यांनी उथळ तळी केली, शेजारी फांद्या रोवल्या, जमिनीच्या पातळीवर लपणं, म्हणजे छायाचित्रकाराने दडून बसायच्या जागा, खोदली आणि छायाचित्रकारांकडून पैसे घेऊ लागले. लपण खाली का? तर डोळा पाण्याच्या पातळीला आल्याशिवाय प्रतिबिंब पूर्ण मिळत नाही. पुढे हंगेरीत बेन्स माते या छायाचित्रकाराने एकतर्फी, म्हणजे आतूनच बाहेरचं दिसणाऱ्या, काचेमागची लपणं रूढ केली. तोवर ऑटोफोकस आणि डिजिटल कॅमेरे आले होते. छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये बुलबुलाच्या आंघोळीवर बारा फोटो उधळणं जिवावर यायचं. आता एका आंघोळीचे दोनशे होतात.

भारतात कर्नाटकातलं गणेशगुडी, केरळातलं थट्टेकाड, उत्तराखंडातलं सातताल इथली पाणवठ्यांची लपणं नावारूपाला आली. मराठवाड्यात मात्र हौशी मंडळींचा ओढा जायकवाडी धरणाकडे. १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य जाहीर झालेला नाथसागर, तिथले रोहित आणि बदकं सोडून अंगणातल्या बुलबुलाला कोण विचारणार? ते बदललं दुष्काळात. २०१२-१३ आणि मग २०१५-१६. धरण मृतसाठ्यावर आलं, पाणी काठापासून लांब चिखलात गेलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवरच्या मातीच्या परळात, टँकरच्या पाण्यावर, मी एका दिवसात नऊ जातींचे पक्षी मोजले. रानात एवढे एका ठिकाणी मी कधी पाहिले नव्हते. फोटोही काढले. मागे पाण्याची टाकी, दोरीवरचा टॉवेल आणि डिशची छत्री. दुसऱ्या दिवशी मी पराटीचं, म्हणजे वाळल्या कपाशीचं, एक झुडूप आणून परळाशेजारी बांधलं. अशीच सुरुवात अनेकांची झाली असणार.

फांदीचं शहाणपण हळूहळू येतं. मुनियांना तुराटी पुरते, खंड्याला अंगठ्याएवढी जाड लागते. पाणी कडेला बोटभर, मध्ये फार तर दोन इंच. झुडूप सहा-आठ फुटांवर हवं: फार लांब असलं तर शिक्रा साधतो, फार जवळ असलं तर मांजर. आणि आठवड्यातून एकदा खड्डा पूर्ण कोरडा करायचा, नाहीतर पक्ष्यांआधी डासांचा फोटो मिळेल.

राहिलं भांडण. फांदी रोवली म्हणून मला त्रास होत नाही; थारोळंही माणसानेच बांधलं होतं. मला खुपतं ते दुसरंच. पक्ष्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला दिवसभर नाचवणं. फोटो झाला की भर मे महिन्यात पाणी बंद करणं, ज्या पाण्यावर पाखरं महिनाभर विसंबली होती ते. आणि हो, एप्रिलमध्ये पैठणला हिरव्यागार शेवाळाची फांदी. ती घाटमाथ्यावरून गाडीच्या डिकीत आलेली असते, आणि इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला ते पहिल्या नजरेत कळतं. आपली साल निघालेली बोर, हिवराचा काटा, सुकलेली पळसाची डहाळी काय वाईट आहे?

मृगाचा पाऊस लागला की जागोजाग डबकी होतात, खड्ड्याकडे कुणी फिरकत नाही. तेव्हा काळा कागद धुऊन कडब्याच्या गंजीवर जातो आणि फांदी चुलीत.