जठर कापल्यावर भूक कुठे जाते?

२०२५ च्या मार्च महिन्यात टिर्झेपटाइड या मधुमेह आणि वजनावरच्या औषधाचे आणि जूनमध्ये वजन कमी करण्यासाठीच्या सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन भारतातील औषधांच्या दुकानांत आले. तेव्हापासून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो: आता वजन उतरवण्यासाठी पोटाच्या शस्त्रक्रियेची गरजच काय? या प्रश्नाच्या मुळाशी एक जुना गैरसमज आहे. शस्त्रक्रियेत जठर शिवून लहान करतात, मग माणसाला खाताच येत नाही आणि या सक्तीच्या उपासमारीमुळे वजन उतरते, असे बहुतेकांना वाटते. ज्यांची शस्त्रक्रियेची तारीख ठरली आहे त्यांच्या मनातील धास्तीही पुष्कळदा याच समजुतीतून येते. भूक पूर्वीसारखीच राहणार, पोटात जागा मात्र उरणार नाही, आणि हे जन्मभर सोसावे लागणार, असे चित्र डोळ्यांसमोर असेल तर कोणाचीही झोप उडेल. प्रत्यक्षात शरीरात जे घडते ते या चित्रापेक्षा बरेच वेगळे आहे.

आज दोन प्रकारच्या शस्त्रक्रिया सर्वाधिक केल्या जातात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग उभा कापून काढून टाकतात आणि मागे एक अरुंद नळी उरते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची सुमारे तीस मिलिलिटरची छोटी पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. उरलेले जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग जागेवरच राहतो, पण अन्न तिकडे जात नाही. बायपासची मूळ कल्पना अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यविशारद एडवर्ड मेसन यांची. जठरव्रणासाठी ज्यांच्या जठराचा काही भाग काढावा लागला होता त्यांचे वजन घटते, हे त्यांच्या लक्षात आले होते, आणि १९६६ मध्ये त्यांनी स्थूलतेवरील उपचार म्हणून ही शस्त्रक्रिया केली. त्या वेळी तिचे स्पष्टीकरण सरळ होते: जागा कमी, म्हणून अन्न कमी.

हे स्पष्टीकरण अपुरे आहे, हे दाखवणारा एक प्रयोग मला फार आवडतो. अमेरिकेतील सिनसिनाटी येथील संशोधक रँडी सीली यांच्या गटाने स्थूल उंदरांवर स्लीव्ह शस्त्रक्रिया केली. उंदरांचे वजन उतरून एका पातळीवर स्थिरावले. मग त्यांना मुद्दाम आणखी कमी अन्न देऊन त्यांचे वजन त्याहूनही खाली आणले आणि त्यानंतर अन्न पुन्हा मुबलक दिले. जठर लहान असल्यामुळेच जर ते कमी खात असते, तर या वेळीही त्यांना जास्त खाता आले नसते. पण उंदरांनी खाणे वाढवले, घटलेले वजन भरून काढले आणि शस्त्रक्रियेनंतरच्या त्या पातळीवर येऊन ते पुन्हा थांबले. म्हणजे जास्त खाण्याची क्षमता त्यांच्यात होती, गरज मात्र वाटत नव्हती. शरीर ज्या वजनाचे रक्षण करू पाहते ती पातळीच शस्त्रक्रियेने खाली आली होती.

ही पातळी मेंदूतील हायपोथॅलॅमस नावाच्या लहानशा भागात सांभाळली जाते आणि तिच्याविषयीची बरीचशी माहिती पचनसंस्थेकडून रक्तातील संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) रूपाने व मेंदूला पोटाशी जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या मार्गाने तिथे पोहोचते. त्यांपैकी घ्रेलिन हे संप्रेरक जपानमधील मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी १९९९ मध्ये शोधले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते, जेवणाआधी रक्तात वाढते आणि जेवणानंतर घटते. नुसते कमी खाऊन वजन उतरवले की घ्रेलिन वाढते. मेलबर्नमधील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पन्नास स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अत्यंत कमी उष्मांकांचा आहार दिला होता. वर्षभरानंतरही त्यांची भूक वाढवणारी संप्रेरके चढलेली आणि तृप्ती देणारी संप्रेरके उतरलेलीच होती. डाएट करून वजन उतरवले आणि ते परत वाढले की आपल्याकडे त्या माणसाच्या मनोनिग्रहाचा उद्धार होतो. त्याने या रासायनिक रेट्याविरुद्ध वर्षभर झुंज दिलेली असते, याची कोणी दखल घेत नाही.

स्लीव्ह शस्त्रक्रियेत घ्रेलिन बनवणारा तो फुगीर भागच बहुतांशी काढून टाकला जातो, त्यामुळे त्याची रक्तातील पातळी लगेच घसरते आणि वजन उतरत असतानाही खालीच राहते. पण याहून मोठा बदल पुढे, आतड्यात होतो. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आणि मोठ्या आतड्यात एल-पेशी असतात. अन्नातील घटक त्यांच्यापर्यंत पोहोचले की त्या जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरके सोडतात. दोन्ही संप्रेरके मेंदूला तृप्तीचा संदेश देतात. जीएलपी-१ शिवाय स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तेही रक्तातील साखर चढलेली असेल तेव्हाच. एरवी जठर अन्न थोडे थोडे पुढे सोडते आणि त्याचा बराच भाग वाटेतच शोषला जातो, म्हणून एल-पेशींना अन्नाची चाहूल उशिरा आणि सौम्यपणे लागते. बायपासनंतर अन्न वेगाने पुढे जाते आणि जेवणानंतरची जीएलपी-१ ची पातळी पूर्वीच्या कित्येक पट चढते. स्लीव्हमध्ये आतड्याला हात लावलेला नसतो, तरीही ती नळी लवकर रिकामी होते आणि परिणाम बराचसा तसाच दिसतो. पित्ताम्लांचाही यात वाटा आहे. पित्ताम्ले ओळखणारा एफएक्सआर नावाचा ग्राही (पेशीतील संदेश टिपणारे प्रथिन) ज्या उंदरांत नसतो, त्यांच्यात स्लीव्हचा वजनावरील परिणाम टिकत नाही, असे २०१४ मध्ये दिसून आले. मधुमेही रुग्णांची साखर वजन फारसे उतरण्याआधी, काही दिवसांतच का सुधारते, याचे निम्मे उत्तर या संप्रेरकांत आहे आणि उरलेले निम्मे त्या दिवसांतील अत्यल्प आहारात. म्हणूनच मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांचे प्रमाण या काळात डॉक्टरांनी कमी करून द्यावे लागते. जुनाच डोस चालू ठेवला तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते.

शरीरात तयार झालेले जीएलपी-१ दोन-एक मिनिटांत निम्मे नष्ट होते. सेमाग्लुटाइड हे त्याचेच असे बदललेले रूप आहे, की ते सुमारे आठवडाभर टिकते. म्हणजे ज्या इंजेक्शनांमुळे शस्त्रक्रिया कालबाह्य झाल्याची चर्चा चालू आहे, ती शस्त्रक्रिया ज्या वाटांनी काम करते त्यांपैकीच एका वाटेने जातात. कोणासाठी काय योग्य, हे वजन, मधुमेह, वय आणि खर्च पाहून ठरते. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार आशियाई लोकांत बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा विचार करता येतो, कारण आपल्याकडे कमी वजनातही मधुमेह गाठतो. ‘चरबी वितळवणारे’ काढे आणि दालचिनीचे पाणी विकणाऱ्यांनी मात्र घ्रेलिनचे नावही ऐकलेले नसते, आणि त्यांची जाहिरात सर्वांत मोठी असते.

आता आहाराकडे वळू. शस्त्रक्रियेची तारीख ठरली की अनेक घरांत निरोपाच्या मेजवान्या सुरू होतात. यापुढे पुरणपोळी नाही, बिर्याणी नाही, तर आता खाऊन घे, असा प्रेमाचा आग्रह होतो. नेमक्या याच दिवसांत हा आग्रह सर्वाधिक नुकसान करतो. यकृताचा डावा भाग जठराच्या समोर असतो आणि दुर्बिणीतून काम करताना शल्यविशारदाला तो उचलून धरावा लागतो. स्थूल व्यक्तीचे यकृत चरबीने फुगलेले आणि ठिसूळ असते. म्हणून आधीचे साधारण दोन आठवडे सुमारे ८०० ते १००० उष्मांकांचा, पिष्टमय पदार्थ कमी आणि प्रथिने पुरेशी असलेला आहार सांगतात. यकृतात साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. हा साठा वापरला गेला की ते पाणीही जाते, पाठोपाठ यकृतातील चरबी घटू लागते आणि यकृत आकसते. या आकसण्याचा मोठा भाग पहिल्या दोन आठवड्यांतच होतो. पहिले तीन-चार दिवस डोके दुखते, चिडचिड होते. पुढे शरीर चरबीवर चालू लागते आणि बहुतेकांची भूकही मंदावते. धास्तावलेल्या रुग्णाच्या हातात त्या पंधरवड्यात असलेली ही सर्वांत उपयोगी गोष्ट आहे, कारण इथे त्याच्या वागण्याचा थेट परिणाम शस्त्रक्रियेच्या सुलभतेवर होतो.

भुलेची भीती बहुतेक सर्वांना वाटते आणि ती भूलतज्ज्ञाला मोकळेपणाने सांगावी. घोरणे, झोपेत श्वास अडखळणे, धूम्रपान आणि आधीच्या भुलेचे अनुभव त्याला कळायलाच हवेत. तीन चेंडूंच्या यंत्राने श्वासाचा जो सराव करायला सांगतात, त्याने फुफ्फुसाचे तळचे भाग उघडे राहतात. मिनिटाला सहाच्या आसपास संथ श्वास घेतल्याने व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढून हृदयाचे ठोके शांत होतात, त्यामुळे आदल्या रात्री हा उपाय करण्यासारखा आहे. अमेरिकेतील दहा रुग्णालयांत सुमारे ४,८०० रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पहिल्या तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के होते. त्यानंतर ते आणखी घटले असून आज पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या जवळपास आले आहे. अमावास्या टाळून तारीख मागणारी कुटुंबे अजूनही भेटतात. धोका कमी करायचा असेल तर सिगारेट किती आठवडे आधी सोडली, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल.

शस्त्रक्रियेनंतरचा आहार टप्प्याटप्प्याने घट्ट होत जातो, कारण जठरावरची शिवण भरून यायला आणि सूज उतरायला वेळ लागतो. पहिले एक-दोन दिवस पाणी, नारळपाणी, गाळलेले सूप. मग साधारण दोन आठवडे ताक, पातळ वरण, दूध, प्रथिनांची पावडर. त्यानंतर घोटलेले आणि मऊ पदार्थ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे अन्न. प्रत्येक रुग्णालयाचे वेळापत्रक थोडे वेगळे असते आणि आपल्या डॉक्टरांनी दिलेलेच पाळावे. या काळात भूक जवळजवळ लागतच नाही आणि घरचे घाबरतात. पण भूक आठवण करून देत नाही, म्हणूनच पाणी आणि प्रथिने घड्याळ लावून घ्यावी लागतात.

प्रथिने दिवसाला किमान साठ ग्रॅम हवीत, आणि इथे मराठी शाकाहारी ताट अडचणीत येते. वाटीभर वरणात पाच ते सात ग्रॅम प्रथिने असतात, एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. जठरात चार-पाच घासांचीच जागा असताना नुसत्या वरणभातावर साठचा आकडा गाठता येत नाही. म्हणून आधी पनीर, अंडी, मासे, सोयाबीन किंवा घट्ट दही, मग भाजी, आणि जागा उरली तर पोळीचा तुकडा, असा क्रम ठेवावा लागतो. मऊ पोळी आणि भात हे आपल्याला हलके वाटतात, पण नीट चावले नाहीत तर त्यांचा चिकट गोळा होऊन तो अरुंद नळीत अडकतो. जेवताना पाणी पिऊ नये, नंतर अर्धा तास थांबावे.

बायपास झालेल्यांनी गोडाबाबत वेगळी सावधगिरी बाळगावी. उसाचा रस किंवा जिलेबी थेट आतड्यात उतरली की साखरेचे ते दाट मिश्रण रक्तातील पाणी आतड्यात ओढून घेते. दहा ते तीस मिनिटांत पोटात कळा, घाम आणि धडधड सुरू होते. एक ते तीन तासांनी इन्सुलिन जास्त सुटल्यामुळे साखर घसरून थरथर होते, ती वेगळीच. धडधड आणि घाम ही घबराटीचीही लक्षणे असल्यामुळे रुग्ण हा प्रकार चिंतेचा झटका समजतात. आधीच्या दोन-तीन तासांत काय खाल्ले, हे लिहून ठेवण्याची सवय असेल तर फरक चटकन कळतो.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. जठर लहान झाल्याने बी-१२ शोषण्यासाठी लागणारे आम्ल आणि विशिष्ट प्रथिन कमी पडते. लोह व कॅल्शियम मुख्यतः आतड्याच्या ज्या सुरुवातीच्या भागात शोषले जातात तो भाग बायपासमध्ये वगळलेला असतो. शाकाहारी भारतीयांत बी-१२ आधीच कमी असते. थायमिनचा, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा, साठा तर दोन-तीन आठवडेच पुरतो, त्यामुळे सतत उलट्या होत असतील तर घरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळू लागतात आणि अनेकांचा धीर सुटतो. ते बहुधा पुन्हा येतात, पण लोह आणि प्रथिनांची तपासणी करून घ्यावी.

काही महिन्यांनी भूक थोडी परत येते. शस्त्रक्रिया वाया गेली, असा निष्कर्ष त्या वेळी काढण्याचे कारण नाही. मात्र कंटाळा, एकटेपणा किंवा ऑफिसातील अपमान यांवर ज्यांनी वर्षानुवर्षे फरसाणाचा उतारा शोधला, त्यांची ती सवय संप्रेरकांनी बदलत नाही. खाण्याची वाट बंद झाली की काही जण दारूकडे वळतात, आणि बायपासनंतर दारू रक्तात फार वेगाने चढते. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत मद्यविकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षी वाढलेले दिसले नाही, दुसऱ्या वर्षी दिसले. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञाची भेट बहुधा शस्त्रक्रियेआधी एकदाच, कागदपत्रांच्या पूर्ततेसाठी होते. ती दुसऱ्या वर्षातही व्हायला हवी, आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरवतानाच तिची वेळ मागून घ्यावी.